प्रश्नाचा अधिकार आणि विरोधी पक्षनेत्याची जागा

संसदीय राज्यपद्धतीत सरकारला प्रश्न विचारण्याचा अधिकार सभागृहातील प्रत्येक सदस्याला असला, तरी त्या प्रश्नाला राजकीय वजन येते ते विरोधी पक्षनेत्यामुळे. कारण एकटा सदस्य बहुधा आपल्या मतदारसंघापुरते विचारतो, तर विरोधी पक्षनेता संपूर्ण कारभाराचा हिशेब मागतो आणि उद्या सत्ता आली तर हीच उत्तरे आपल्याला द्यावी लागतील याचे भान त्याला बाळगावे लागते. महाराष्ट्राच्या विधानसभेत २०२४ च्या निवडणुकीनंतर हे पद कोणालाच मिळाले नाही, ऑगस्ट २०२५ मध्ये अंबादास दानवे यांची सदस्यत्वाची मुदत संपल्यावर विधान परिषदेतही ते रिकामे झाले आणि त्या वर्षीचे नागपूरचे हिवाळी अधिवेशन दोन्ही सभागृहांत विरोधी पक्षनेता नसताना पार पडले. अशा वेळी हे पद कोठून आले, त्याच्या हाती कोणती साधने आहेत, त्यांचा वापर कसा झाला आणि पदाला मान्यता देण्याचा निकष नेमका कशावर उभा आहे, हे एकत्र पाहणे अगत्याचे ठरते.

प्रश्न विचारण्याचा अधिकार या देशात तुकड्यातुकड्याने मिळाला. १८६१ च्या कायद्याने स्थापन झालेल्या कायदेमंडळांत सदस्यांना सरकारला काही विचारण्याची सोयच नव्हती. १८९२ च्या कायद्याने ती दिली, पण आगाऊ सूचना देऊन लेखी प्रश्न विचारायचा आणि मिळेल त्या उत्तरावर समाधान मानायचे, अशी तिची मर्यादा होती. उत्तर ऐकून त्यातूनच पुढचा प्रश्न काढण्याची, म्हणजे उपप्रश्नाची, मुभा १९०९ च्या सुधारणांनी मूळ प्रश्नकर्त्याला आणि १९१९ च्या सुधारणांनी इतर सदस्यांनाही मिळाली, आणि खऱ्या अर्थाने उलटतपासणी सुरू झाली ती त्यानंतर. तरीही त्याआधीच्या तोकड्या चौकटीत मुंबई कायदेमंडळात फिरोजशहा मेहता, लोकमान्य टिळक आणि गोपाळ कृष्ण गोखले यांनी सरकारला अडचणीत आणले, आणि १९०१ मध्ये जमीन महसूल दुरुस्ती विधेयकाच्या वेळी मेहता व गोखले सहकाऱ्यांसह सभागृहाबाहेर पडले. आज ज्याला सभात्याग म्हणतात, त्याच्या आरंभीच्या उदाहरणांत या घटनेची गणना होते. १९३७ नंतर लोकनियुक्त मंत्रिमंडळ आल्यावर विरोधाचे स्वरूप बदलले, कारण समोर आता परकीय अधिकाऱ्यांऐवजी बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस सरकार होते. त्या सभागृहात स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक सप्टेंबर १९३७ मध्ये मांडले आणि पुढच्याच वर्षी कामगारांच्या संपाच्या हक्कावर मर्यादा घालणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाला तपशीलवार विरोध केला. आपल्याच लोकांच्या सरकारलाही तितक्याच कठोरपणे जाब विचारता येतो, किंबहुना विचारलाच पाहिजे, ही भूमिका मराठी राजकारणात त्या दोन वर्षांत रुजली.

स्वातंत्र्यानंतरची पहिली तीन दशके पाहू गेल्यास हा धागा पुणे जिल्ह्यातील भोरच्या खोऱ्याशी जोडलेला दिसतो. भोर तालुक्यातील आंबवडे हे गाव नागेश्वराच्या जुन्या मंदिरासाठी आणि कान्होजी जेधे व जिवा महाला यांच्या समाध्यांसाठी ओळखले जाते. शेजारचे कारी हे जेध्यांचे गाव. हा सारा मुलूख पंतसचिवांच्या भोर संस्थानात मोडत असल्याने १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत येथील रयतेचा प्रतिनिधी मुंबईच्या कायदेमंडळात बसत नव्हता, म्हणजे जो प्रश्न पुण्याच्या हवेली तालुक्यातील शेतकऱ्याच्या वतीने सरकारला विचारता येत होता, तो आंबवड्याच्या शेतकऱ्याच्या वतीने विचारायला जागाच नव्हती. कान्होजींच्या याच घराण्यातील केशवराव जेधे यांनी पुण्यात ब्राह्मणेतर चळवळीतून काँग्रेसमध्ये आणि काँग्रेसमधून पुन्हा बाहेर असा प्रवास करीत शंकरराव मोरे आदी सहकाऱ्यांसह शेतकरी कामगार पक्षाची उभारणी केली. सत्ताधारी पक्षात शेतकऱ्यांचे ऐकले जात नाही, या तक्रारीतून हा पक्ष जन्मला होता. स्वतः जेधे काही वर्षांनी काँग्रेसमध्ये परतले आणि १९५९ मध्ये त्यांचे निधन झाले, पण त्यांनी घडवलेल्या पक्षाने पुढे कित्येक वर्षे महाराष्ट्राच्या विधानसभेतील विरोधी बाके सांभाळली.

त्या काळातील आकडे नीट पाहण्याजोगे आहेत, कारण आजच्या वादाचे उत्तर बऱ्याच अंशी त्यांतच आहे. १९६२ च्या निवडणुकीत २६४ जागांपैकी २१५ काँग्रेसला मिळाल्या आणि शेतकरी कामगार पक्षाला अवघ्या १५. तरीही त्या पक्षाचे कृष्णराव धुळप हे विरोधी पक्षनेते झाले आणि दहा वर्षे त्या जागेवर राहिले. १९७२ मध्ये तर २७० पैकी २२२ जागा काँग्रेसने जिंकल्या, शेतकरी कामगार पक्षाचे सात जण निवडून आले आणि त्या सातांचे नेते दि. बा. पाटील हे विरोधी पक्षनेते म्हणून ओळखले गेले. पुढे १९८५ च्या निवडणुकीनंतर शरद पवारांचा समाजवादी काँग्रेस पक्ष ५४ आमदारांसह प्रमुख विरोधी पक्ष होता, पण १९८६ च्या अखेरीस तो काँग्रेसमध्ये विलीन झाला आणि उरलेल्यांत २० जागांचा जनता पक्ष व १३ जागांचा शेतकरी कामगार पक्ष अशी स्थिती झाली. तेव्हा जनता पक्षाचे निहाल अहमद, शेतकरी कामगार पक्षाचे दत्ता पाटील, जनता पक्षाच्या मृणाल गोरे आणि पुन्हा दत्ता पाटील असे हे पद आळीपाळीने फिरले. या दोहोंपैकी एकाही पक्षाकडे सभागृहाच्या एक दशांश जागा नव्हत्या.

संख्या इतकी कमी असताना हे नेते सरकारवर वचक कशाच्या बळावर ठेवीत, याचे उत्तर विधिमंडळाच्या नियमांत आहे. सदस्यांच्या बोलीत ज्यांना संसदीय आयुधे म्हणतात, त्यांतील पहिले आयुध तारांकित प्रश्न. म्हणजे ज्या प्रश्नावर मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावे लागते आणि ज्यावर उपप्रश्न विचारता येतात असा प्रश्न. अतारांकित प्रश्नाला फक्त लेखी उत्तर मिळते, अल्पसूचना प्रश्न तातडीच्या बाबीसाठी असतो आणि मिळालेले उत्तर अपुरे वाटल्यास त्यावर अर्धा तास चर्चा मागता येते. तारांकित प्रश्नाचा साचा वर्षानुवर्षे ठरलेला आहे: अमुक ठिकाणी अमुक घडल्याचे निदर्शनास आले आहे, हे खरे आहे काय, असल्यास, त्याची चौकशी केली आहे काय, चौकशीनुसार कोणती कारवाई केली वा करण्यात येत आहे, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत. उत्तरही तितकेच साचेबंद येते, ‘होय’, ‘अंशतः खरे आहे’, ‘हे खरे नाही’ आणि शेवटच्या भागापुढे ‘प्रश्न उद्भवत नाही’. वरवर कोरडी वाटणारी ही भाषा अत्यंत परिणामकारक आहे, कारण ‘हे खरे आहे काय’ या चार शब्दांपुढे खात्याला लेखी स्वरूपात हो किंवा नाही म्हणावे लागते आणि त्या लेखी शब्दाला मंत्री कायमचा बांधला जातो. भाटघर किंवा नीरा देवघर धरणाखाली जमीन गेलेल्या कुटुंबाचा अर्ज तालुक्याच्या कचेरीत कितीही काळ पडून राहू शकतो, पण त्यावर तारांकित प्रश्न लागला की मंत्रालयातून जिल्हाधिकारी कार्यालयाकडे आणि तेथून तहसीलदाराकडे माहिती मागवली जाते, आणि ठरलेल्या मुदतीत त्या कागदावर कोणा ना कोणाला सही करावी लागते. प्रश्न सभागृहात पुकारला जाण्याआधीच काम मार्गी लागल्याचे पुष्कळ आमदार सांगतात, ते याचमुळे.

याखेरीज लक्षवेधी सूचना, स्थगन प्रस्ताव, नियम २९३ खालील चर्चा आणि अधिवेशन संपताना विरोधकांच्या वतीने मांडला जाणारा अंतिम आठवडा प्रस्ताव ही साधने आहेत. त्यांतील शेवटची दोन प्रामुख्याने विरोधी पक्षनेत्याची मानली जातात, कारण त्यांत एका घटनेऐवजी कायदा-सुव्यवस्था, शेती, पाणी, भरती अशा अनेक खात्यांचा एकत्र ताळेबंद मांडता येतो. अधिवेशनाच्या आदल्या दिवशी मुख्यमंत्र्यांनी चहापानाला बोलवायचे, विरोधकांनी त्यावर बहिष्कार टाकायचा आणि विरोधी पक्षनेत्याने पत्रकारांसमोर अधिवेशनातील आपले मुद्दे मांडायचे, हा प्रघातही आता त्या यंत्रणेचाच भाग झाला आहे.

या साधनांनी काय साधले, याची काही उदाहरणे ठळक आहेत. बॅरिस्टर अ. र. अंतुले मुख्यमंत्री असताना सिमेंट वाटप आणि प्रतिष्ठानांना मिळालेल्या देणग्या यांचा संबंध १९८१ मध्ये वृत्तपत्रातून उघड झाला. विरोधकांनी तो सभागृहात लावून धरला, प्रा. प. बा. सामंत, मृणाल गोरे आदींनी उच्च न्यायालयाचे दार ठोठावले आणि न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या निकालानंतर जानेवारी १९८२ मध्ये अंतुले यांना पद सोडावे लागले. त्याच न्यायमूर्तींचे नाव पुढे आणखी एका चौकशीशी जोडले गेले: १९८६ च्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले, मृणाल गोरे यांनी ते प्रकरण विधानसभेत धसास लावले, लेंटिन आयोग नेमला गेला आणि त्याच्या अहवालानंतर आरोग्यमंत्री भाई सावंत यांनी राजीनामा दिला. औषधखरेदीच्या कागदांतील एकेक दुवा जोडत जाणाऱ्या या प्रकरणात सभागृहातील प्रश्न, चौकशी आयोग आणि मंत्र्याची जबाबदारी यांची साखळी जितकी पूर्ण झाली, तितकी महाराष्ट्रात क्वचितच झाली असेल. विरोधी पक्षाच्या कामाचा मानदंड म्हणून आजही त्याकडेच बोट दाखवावे लागते.

१९९१ च्या अखेरीस विरोधी पक्षनेते झालेल्या गोपीनाथ मुंडे यांनी सभागृहातील प्रश्न आणि रस्त्यावरील यात्रा एकमेकांना जोडून राजकारणी व गुन्हेगार यांच्या संबंधांचा मुद्दा गावोगाव नेला आणि १९९५ च्या सत्तांतरात त्याचा मोठा वाटा होता. २०१२ मध्ये राज्याच्याच आर्थिक पाहणीतील एका आकड्याने, दशकभरात सिंचनक्षेत्रात जेमतेम ०.१ टक्क्याची वाढ झाल्याच्या नोंदीने, सिंचन प्रकल्पांवरील हजारो कोटींच्या खर्चाचा प्रश्न उभा केला. विधानसभेत एकनाथ खडसे आणि परिषदेत विनोद तावडे विरोधी पक्षनेते होते. अजित पवार यांनी त्या सप्टेंबरात उपमुख्यमंत्रिपद सोडले, सरकारला श्वेतपत्रिका काढावी लागली आणि माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. देवेंद्र फडणवीस यांनी २०२१ मध्ये मनसुख हिरेन मृत्यूप्रकरणी दूरध्वनी नोंदींच्या आधारे आणि मार्च २०२२ मध्ये १२५ तासांच्या ध्वनिचित्रमुद्रणाच्या आधारे सरकारला घेरले. येथे प्रश्नाचे स्वरूपच बदललेले दिसते, कारण माहिती मागण्याऐवजी विरोधी पक्षनेता स्वतःच पुरावा सभागृहाच्या पटलावर ठेवू लागला. त्याची परिणामकारकता निर्विवाद आहे. मात्र खात्याकडून लेखी उत्तर काढून घेण्याची जुनी, चिकाटीची रीत त्यामुळे मागे पडली, हेही नोंदवायला हवे.

पदाला लागलेल्या घसरणीचे आणखी एक कारण संख्याबळाहून वेगळे आहे. नारायण राणे २००५ मध्ये विरोधी पक्षनेते असतानाच पक्ष सोडून काँग्रेसमध्ये गेले आणि मंत्री झाले. २०१४ मध्ये एकनाथ शिंदे काही आठवडे या पदावर होते आणि त्यांचा पक्ष सरकारात सामील होताच मंत्री झाले. राधाकृष्ण विखे पाटील २०१९ मध्ये पद सोडून भारतीय जनता पक्षात गेले व मंत्री झाले. आणि २ जुलै २०२३ रोजी अजित पवार विरोधी पक्षनेते असताना थेट उपमुख्यमंत्री झाले. प्रत्येक वेळची राजकीय कारणे वेगळी होती, शिंदे यांच्या बाबतीत तर संपूर्ण पक्षाचाच निर्णय होता. पण ज्याने सकाळी जाब विचारायचा त्यानेच संध्याकाळी जाब द्यायला उभे राहायचे, असे वारंवार घडू लागले की त्या जागेवरून विचारलेल्या प्रश्नावर मतदाराचा विश्वास बसणे कठीण होते, आणि दि. बा. पाटील यांच्या सात जणांच्या गटाला जे नैतिक बळ होते ते कितीतरी मोठ्या पक्षांना मिळेनासे होते.

दिल्लीतील मराठी परंपरा यापेक्षा स्थिर राहिली. राजापूर मतदारसंघातून १९५७ पासून बॅरिस्टर नाथ पै आणि १९७१ पासून दोन दशके प्रा. मधू दंडवते लोकसभेत गेले, पुण्यात जन्मलेले मधू लिमये बिहारमधून निवडून आले, आणि नियमांच्या पुस्तकाचा बारकाईने अभ्यास करून मंत्र्याला कोंडीत पकडण्याची त्यांची शैली संसदेच्या इतिहासात मान्यता पावली. १९७७ मध्ये काँग्रेस प्रथमच विरोधात बसली तेव्हा यशवंतराव चव्हाण लोकसभेचे विरोधी पक्षनेते झाले आणि त्याच वर्षीच्या कायद्याने या पदाला वेतन व दर्जा मिळाला. महाराष्ट्राने १९७८ मध्ये तसाच कायदा केला.

नाथ पै आणि दंडवते यांना निवडून देणाऱ्या त्याच मतदारसंघात मालवण तालुक्यातील वराड हे गाव होते. तेथून १९६० च्या दशकात परदेशी गेलेले डॉ. अशोक वराडकर यांचे पुत्र लिओ वराडकर जून २०१७ मध्ये आयर्लंडचे पंतप्रधान झाले. तेथे या पदाला टीशक म्हणतात आणि कनिष्ठ सभागृहाला डॉल. मराठी वाचकाला आयर्लंडच्या संसदीय लढ्याचे आकर्षण जुने आहे, न. चिं. केळकरांनी त्या देशाचा इतिहास मराठीत लिहिला तो ब्रिटिश संसदेत अडवणुकीचे तंत्र वापरणाऱ्या पार्नेल यांच्या पक्षाची ख्याती ताजी असताना. आजच्या डॉलमध्ये मंगळवारी आणि बुधवारी विरोधी पक्षांचे नेते पंतप्रधानांना पूर्वसूचनेशिवाय कोणत्याही विषयावर प्रश्न विचारतात, प्रत्येकाला काही मिनिटे मिळतात, पंतप्रधान स्वतः उत्तर देतात आणि लगेच उपप्रश्न होतो. ‘नेत्यांचे प्रश्न’ असेच या सत्राचे नाव आहे.

वराडकर यांच्या सरकारला या सत्राची झळ लवकरच बसली. त्यांचे सरकार अल्पमतात होते आणि मिहॉल मार्टिन यांच्या फिआना फॉल पक्षाने विरोधी बाकांवर बसूनच त्याला तगवून धरले होते. तरीही नोव्हेंबर २०१७ मध्ये पोलीस दलातील गैरप्रकार उघड करणाऱ्या अधिकाऱ्याविरुद्धच्या डावपेचांची माहिती माजी कायदामंत्री व तेव्हाच्या उपपंतप्रधान फ्रान्सिस फिट्झजेराल्ड यांना कधी मिळाली, या एकाच मुद्द्यावर विरोधकांनी इतके अचूक आणि सलग प्रश्न विचारले की नवनवे ई-मेल बाहेर आले आणि २८ नोव्हेंबरला त्यांना पायउतार व्हावे लागले. पुढच्या वर्षी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासण्यांतील चुका दीडशेहून अधिक महिलांपासून दडून राहिल्याचे उघड झाले, तेव्हाही पंतप्रधानांनाच दर आठवड्याला उभे राहून उत्तर द्यावे लागले आणि डॉ. गॅब्रिएल स्कॅली यांच्यामार्फत चौकशी बसली. पाठिंबा देणारा पक्षही तितकाच कठोर प्रश्न विचारू शकतो, हे यातून दिसते, आणि ते शक्य होते कारण ठरलेल्या वारी ठरलेल्या वेळी सरकारच्या प्रमुखाला सहसा गैरहजर राहता येत नाही. त्या मिनिटांची किंमत आयरिश राजकारण्यांना इतकी ठाऊक आहे की सरकारला पाठिंबा देणाऱ्या अपक्षांनी जानेवारी २०२५ मध्ये विरोधकांच्या वेळेत वाटा मागताच सभागृहाचे काम बंद पडले आणि मार्टिन यांची पंतप्रधानपदी निवड एक दिवस लांबली.

महाराष्ट्राच्या विधानसभेत अशी तरतूद नाही. मुख्यमंत्री स्वतःकडील खात्यांच्या प्रश्नांना उत्तर देतात आणि मोठ्या चर्चेच्या शेवटी बोलतात, पण विरोधी पक्षनेत्याने दर आठवड्याला पूर्वसूचनेशिवाय त्यांना समोरासमोर विचारावे असा तास नाही. ही उणीव मोठी आहे आणि ती दूर करायला घटनादुरुस्ती लागत नाही, सभागृहाच्या नियमांत बदल पुरतो. आयर्लंडकडून दुसरे घेण्याजोगे आहे ते गटांबाबतचे: डॉलमध्ये पाच सदस्यांचा गटही मान्यता मिळवून या सत्रात आपला प्रश्न मांडू शकतो, म्हणजे तेथे प्रश्नाचा अधिकार मोठ्या पक्षाच्या आकारावर अडत नाही.

याउलट महाराष्ट्रात २०२४ मध्ये २८८ पैकी शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) पक्षाला २०, काँग्रेसला १६ आणि राष्ट्रवादी काँग्रेस (शरदचंद्र पवार) पक्षाला १० जागा मिळाल्या आणि एक दशांश, म्हणजे २९ जागा कोणाकडेच नाहीत, हा मुद्दा पुढे आला. हा निकष पहिले लोकसभा अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर यांच्या काळात एखाद्या गटाला संसदीय पक्ष म्हणून मान्यता देण्यासाठी ठरला होता. १९७७ आणि १९७८ चे कायदे मात्र विरोधातील सर्वांत मोठ्या पक्षाचा, पीठासीन अधिकाऱ्यांनी मान्यता दिलेला नेता एवढेच म्हणतात, त्यांत दहा टक्क्यांचा उल्लेख नाही. ठाकरे यांच्या शिवसेनेने मार्च २०२५ मध्ये भास्कर जाधव यांचे नाव दिले, तेव्हा १९६२, १९७२ आणि १९८६ चे दाखले अध्यक्षांना उपलब्ध होते, आणि ते पाहता मान्यता देणे हाच राज्याच्या स्वतःच्या प्रघाताशी सुसंगत निर्णय ठरला असता.

पद रिकामे राहण्याचे परिणाम सभागृहाच्या भिंतींपलीकडे जातात, कारण राज्य मानवी हक्क आयोग आणि राज्य माहिती आयोग यांवरील नेमणुका सुचवणाऱ्या समित्यांत विरोधी पक्षनेत्याला कायद्यानेच स्थान आहे. यांपैकी माहिती अधिकार कायद्याने २००५ मध्येच ही अडचण ओळखली होती: विरोधी पक्षनेत्याला तशी मान्यता मिळालेली नसेल, तर विधानसभेतील सर्वांत मोठ्या विरोधी गटाचा नेता हाच विरोधी पक्षनेता मानला जाईल, असे स्पष्टीकरण त्याच्या पंधराव्या कलमाला जोडलेले आहे. हेच स्पष्टीकरण १९७८ च्या महाराष्ट्र कायद्यात घालणारे चार ओळींचे दुरुस्ती विधेयक कोणत्याही अधिवेशनात मांडता येईल, आणि ते संमत झाल्यास कोणत्याही पक्षाचे सरकार असताना त्याचा लाभ समोरच्या बाकांना सारखाच मिळेल.